झोजिला ३२ दिवसांत उघडला. आपल्या घाटाचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि 'एप्रिलच्या उन्हात हा बर्फाचं काय घेऊन बसलाय' असं म्हणू नका, शेवटी गाडी मुठा घाटातच येणार आहे.

१ एप्रिल २०२५ ला झोजिला उघडला. श्रीनगरहून सोनमर्ग, द्रास, कारगिल करत लेहला जाणारा रस्ता ज्या खिंडीतून जातो ती झोजिला. उंची साडेअकरा हजार फुटांच्या वर. दर हिवाळ्यात बर्फानं बंद होते. बातमीत आकडा होता, २०२५ ला ३२ दिवसच बंद राहिली. २०२२ साली ७३ दिवस बंद होती, २०२३ ला ६८, २०२४ ला ३५. त्याच्या आधी पाच-पाच महिने तो रस्ता बंद असायचा. २०२५ ला तर फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ पडतच होता. थांबल्यावर पंधरा दिवसांत रस्ता मोकळा.

ही बातमी मी आमच्या खोऱ्यातल्या एका नानांना वाचून दाखवली. नाना ग्रेफमधून निवृत्त. ग्रेफ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, सीमा रस्ते संघटनेचं म्हणजे बीआरओचं मनुष्यबळ. बीआरओ १९६० ची, आणि ग्रेफचं केंद्र कुठंय माहितीये? दिघीला. आपल्या पुण्यात. देशभरातली पोरं भरतीच्या चाचणीला आणि ट्रेनिंगला दिघी कॅम्पात येतात आणि तिथून लडाख, सिक्कीम, अरुणाचलला जातात. मुठ्यापासून दिघी पन्नास किलोमीटरच्या आत असेल. नाना तिथूनच गेले आणि आयुष्यभर डोझर चालवून परत आले. कान थोडे गेलेत, बाकी ठणठणीत.

बातमी ऐकून नाना म्हणाले, "त्यात काय एवढं. आमी तयारीच दिवाळीच्या आधी करायचो. बर्फ काय सांगून येतंय व्हय? पण येनार तर हायेच ना."

येणार तर आहेच. हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून ही पोस्ट.

आपल्याला वाटतं बर्फ काढायला कुठलं तरी खास अवाढव्य यंत्र असतं. असतंही. रोटरी स्नो कटर नावाचं. पुढं फिरणारी पाती बर्फ कापतात, आत ओढतात आणि नळकांड्यातून लांब दरीत फेकतात. पण नाना सांगतात, निम्म्याहून जास्त काम साध्या डोझरचंच. जो डोझर उन्हाळ्यात रस्ता बांधतो, तोच हिवाळ्यात बर्फ लोटतो. मात्र त्याला त्या कामासाठी बदलावं लागतं. आणि हा बदल म्हणजे नानांचा आवडता विषय, सुरू झाले की थांबत नाहीत.

सगळ्यात आधी डिझेल. साध्या डिझेलमधला मेणाचा अंश थंडीत गोठतो, फिल्टर तुंबतो, मशिन सुरूच होत नाही. नानांच्या काळात सकाळी टाकीखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचे. आता इंडियन ऑइलनं लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल आणलंय, नोव्हेंबर २०१९ पासून, ते उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं. मग बॅटरी. गोठणबिंदूच्या बरंच खाली गेलं की तिची ताकद निम्म्यावर येते, म्हणून रात्री बॅटरी काढून खोलीत घेऊन झोपायचं. "बायकोपेक्षा बॅटरी जास्त जपली," हे नानांचं ठरलेलं वाक्य, आणि काकू आतून भांडं आपटतात हेही ठरलेलं. रेडिएटरच्या पाण्यात गोठू नये म्हणून औषध. हायड्रॉलिकला पातळ ऑइल. टायरच्या गाड्यांना साखळ्या. डोझरची साखळी बर्फावर घसरते म्हणून तिच्या पट्ट्यांवर लोखंडी दात वेल्ड करायचे. पातं तिरकं लावायचं, म्हणजे बर्फ पुढं न साचता दरीकडं घसरत जातो.

बकेटचंही बघा. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो. दबून बसलेला बर्फ ३०० ते ५०० किलो. आणि आपल्या घाटातला ओला चिखल-मुरूम १८०० ते २००० किलो. म्हणून थंड मुलखात बर्फासाठी मोठी, पातळ पत्र्याची बकेट लावतात. त्या बकेटनं चिखल उचलला तर मशिन मागचं चाक उचलेल. तिकडच्या रस्त्यावरच्या पात्यांना तर खाली स्प्रिंग असते, दगडाला किंवा गटाराच्या झाकणाला अडकलं की पातं मागं दुमडतं, मशिन मोडत नाही आणि ड्रायव्हरचं तोंड काचेवर आपटत नाही. जर्मनीत युनिमॉग नावाची गाडी आहे, तिला उन्हाळ्यात गवत कापायचं अवजार लावतात आणि हिवाळ्यात बर्फाचं पातं. गाडी तीच. जपानमध्ये तोयामाच्या डोंगरातल्या रस्त्यावर बर्फाच्या भिंती २० मीटरपर्यंत जातात, खाली रस्ता कुठंय ते दिसतच नाही. तिथं उपग्रहाच्या मदतीनं आधी रस्त्याची मधली रेघ शोधतात आणि मग डोझर घालतात.

आता आपल्याकडं या.

२५ जुलै २०२४. विसरला नसालच. ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस. लवासात साडेचारशेच्या वर. ताम्हिणी घाटात आदरवाडीला दरड पडून एक जण गेला, एक जखमी. लवासात बंगल्यांवर डोंगर आला. पुण्यात सिंहगड रोडला सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं म्हणून सगळे कॅमेरे तिकडं होते, आपण इकडं काय करत होतो ते आपल्यालाच माहीत.

त्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. जागा आणि तारीख मुद्दाम सांगत नाही, कारण त्या पोराला त्रास नको. घाटात दरड आली होती. फार मोठी नाही, दोन-तीन डंपर माल असेल, वर एक आडवं झाड. पलीकडं दुधाचा टेम्पो, दोन-चार गाड्या आणि एका गाडीत ताप डोक्यात गेलेलं लेकरू. संबंधित खात्याला फोन केला तर उत्तर आलं, मशिन निघालंय. कुठून निघालंय ते विचारायची सोय नाही. शेवटी गावातल्याच एका पोराला उठवलं. वय तेवीस-चोवीस. जेसीबी त्याच्या मामाचा, हप्त्यावर घेतलेला. पोरगं बिचारं पंधरा मिनिटांत आलं.

मशिनचा पुढचा एकच दिवा चालू होता. वायपर नव्हता. होता, पण मोडलेला. पुढची काच तडकलेली, पाऊस आत येत होता, म्हणून पोरानं डोक्यावर खताचं पोतं घेतलेलं. आम्ही चौघांनी मोटारसायकलींचे दिवे दरडीवर मारले. आणि मी? मी हातात बॅटरी घेऊन वर डोंगराकडं बघत उभा होतो. वरून काही सुटलं तर ओरडायचं, एवढंच माझं काम. पावसाच्या आवाजात आणि इंजिनच्या आवाजात माझं ओरडणं त्याला ऐकू आलं असतं का? पाऊण तास मी तेवढाच विचार करत होतो. एक दगड आलाही, नारळाएवढा, बॉनेटवर आदळून गेला. पोरानं वर बघितलंसुद्धा नाही.

रस्ता झाला. लेकरू पौडला पोचलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी बातमी दिली, 'युद्धपातळीवर काम करून रस्ता सुरळीत'. हो, मीच लिहिली. आपली ठरलेली वाक्यं असतात ना, त्यातलं एक. त्या पोराचं नाव बातमीत नव्हतं. डिझेलचे पैसे त्याला मिळाले का, हे मी दिवाळीत विचारलं. तो हसला.

नानांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वर बघनारा कोन व्हता?" मी म्हटलं, मीच. नाना म्हणाले, "तुला काय कळतंय?" बरोबर आहे. तिकडं हिमस्खलनाचा इशारा आला की काम थांबतं, मशिन मागं घेतात. वरच्या उतारावर नजर ठेवायला अनुभवी माणूस असतो, त्याची शिट्टी म्हणजे हुकूम. आपल्याकडं पत्रकार उभा असतो.

काहीजण म्हणतील, अरे ते सैन्य, त्यांचं बजेट केवढं, सीमेचा प्रश्न, आपली बरोबरी कशी होणार. मान्य. मला घाटात स्विस यंत्र नकोय. मला वायपर पाहिजे. चार चांगले एलईडी दिवे पाहिजेत, पुढं दोन, मागं दोन. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर खरंखुरं छत.

छताचं जरा समजून घ्या, कारण इथं आपली फसवणूक होते. जेसीबीच्या केबिनला छत असतं, पण पडत्या दगडापासून वाचवणाऱ्या छताची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत आणि त्यात दोन पातळ्या. पहिली पातळी म्हणजे साधारण ४५ किलोचं वजन ३ मीटरवरून पडलं तर सोसेल इतकी. दुसरी म्हणजे सव्वादोनशे किलोचं वजन ५ मीटरवरून पडलं तर. घाटात दुसरी लागते. आपल्याकडं घोटावडे फाट्यावर नाहीतर पिरंगुटला कुणाकडून तरी अँगल वेल्ड करून जाळी बसवून घेतात. नारळाएवढ्या दगडाला ती ठीक आहे. टीव्हीएवढा आला तर ती जाळीच पोरावर बसेल. दगडाच्या कामासाठी बनवलेली केबिन, पुढच्या काचेवरची जाळी हे सगळं बाजारात मिळतं. आणि बनवणारे काय परदेशात आहेत का? जेसीबीचा कारखाना तळेगावजवळ, ह्युंदाई आणि सानीचे चाकणला. मशिनचं माहेर आपल्या जिल्ह्यात आणि मशिन घाटात आलं की डोक्यावर पोतं.

जाता जाता, जेसीबी हे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाच्या नावाचं संक्षिप्त रूप आणि पोकलेन हे पोक्लां या फ्रेंच कंपनीचं नाव. आपण दोन्ही इतकी आपली करून घेतली की लग्नात नवरदेवाची वरात जेसीबीतून निघते. जीव लावतो आपण मशिनला. चालवणाऱ्याला लावत नाही.

आता खरा मुद्दा. झोजिलाला बर्फ पडणार हे जितकं नक्की, तितकंच ताम्हिणीत, टेमघरच्या चढात आणि मुठा घाटात जुलैमध्ये दरड येणार हे नक्की. तरी तिकडं बर्फाला ऋतू म्हणतात आणि आपण दरडीला आपत्ती म्हणतो. आपत्ती म्हटलं की आधीपासून तयारी केली नाही तरी चालतं. मग मशिन 'मागवलं जातं'. जे जवळ असेल, ज्याचा मालक फोन उचलेल, ते.

आणि ते मशिन कुठलं असतं? मे महिन्यात फार्महाऊसचा रस्ता काढायला डोंगराचा पाय उभा कापणारं. तीच बकेट, तोच पोरगा. मे मध्ये तासाला हजार-बाराशे मिळवून डोंगर कापायचा आणि जुलैमध्ये उधारीवर तो रस्त्यातून उचलायचा. मी ड्रायव्हरला दोष देत नाही, तीस लाखांच्या पुढच्या मशिनचा हप्ता डोंगर बघत नाही. पण खोऱ्यातल्या प्लॉटिंगवाल्यांनी उभ्या कापलेल्या कडा तुम्ही पिरंगुटवरून येताना रोज बघता. ना पायऱ्या, ना पाण्याला वाट, ना भिंत. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. १५१ माणसं. गाव दिसत नाही हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला. त्यानंतर उतारावर मशिननं केलेल्या सपाटीकरणाबद्दल केवढी चर्चा झाली. कागदावर असेल ती अजून.

मशिननं सगळं सुटतं असंही माझं म्हणणं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तिथं वर जायला रस्ताच नव्हता. मशिन खाली, माणसं वर, आणि उकरायला कुदळ-फावडं. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. मशिनची गोष्ट रस्ता असेल तिथपर्यंतच. पण आपल्याकडं रस्ता आहे. मुठा, लवार्डे, टेमघर, पार लवासापर्यंत डांबरी आहे. मग त्या रस्त्यापुरतं तरी नीट करा.

काय करता येईल? नानांनी आणि मी बसून काढलं, त्यातलं त्यांचंच जास्त.

मशिन दोन्ही टोकांना पाहिजे. झोजिलाला सोनमर्गच्या बाजूनं प्रोजेक्ट बीकन आणि द्रासच्या बाजूनं प्रोजेक्ट विजयक काम करत येतात आणि मध्ये भेटतात. आपल्याकडं सगळी मशिनं पिरंगुट-भूगावच्या बाजूला, कारण धंदा तिकडं. दरड मध्ये पडली की लवार्डे-टेमघरकडची सगळी माणसं अडकतात आणि त्यांच्या बाजूला साधं घमेलं नसतं. १ जून ते ३० सप्टेंबर एक मशिन खोऱ्याच्या आतल्या अंगाला उभं राहिलं पाहिजे. पोकलेन असेल तर त्याचं त्याच जागी असणं जास्त महत्त्वाचं, कारण साखळीचं मशिन चालत येऊ शकत नाही, त्याला ट्रेलर लागतो, आणि रस्ता बंद असेल तर ट्रेलर कुठून येणार?

उभं राहायचे पैसे द्यावे लागतील. इथं सगळं अडतं. 'काम न करता पैसे कसे द्यायचे, ऑडिटला काय सांगायचं,' असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. साहेब भला माणूस आहे, नियमाप्रमाणंच बोलला. पण अग्निशमनच्या बंबाला आपण आग लागली तरच पगार देतो का? कॅनडा-अमेरिकेत गावोगावचे ठेकेदार, शेतकरीसुद्धा, आपल्या ट्रॅक्टरला बर्फाचं पातं लावून हंगामभर तयार राहतात आणि अनेक ठिकाणी त्यांना त्या तयार राहण्याचे ठरावीक पैसे मिळतात. बर्फ पडला की कामाचे वेगळे.

आणि त्या पैशांच्या बदल्यात अट घाला. दिवे, वायपर, दगड सोसणारी केबिन, झाड आणि मोठे दगड धरायला पंज्याची बकेट, शिळा आडवी आली तर ब्रेकर. ब्रेकर नसला तर काय होतं हे ज्यांनी घाटात सहा-सहा तास काढलेत त्यांना सांगायला नको. हे सगळं मे मध्ये तपासून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर नको. ड्रायव्हरचा विमा काढा. आज तो पोरगा कुणाचाच नाही. खात्याचा कर्मचारी नाही, ठेकेदाराच्या यादीत नाही, मामाच्या मशिनवर आलेला भाचा आहे फक्त. त्याला काही झालं तर 'दुर्दैवी' असं एका ओळीत मीच लिहीन.

अजून एक, ज्यावर कुणी बोलतच नाही. बर्फ दरीत लोटला तर उन्हाळ्यात वितळून जातो. आपण दरडीचा माल दरीत लोटतो तो कुठं जातो? खालच्या भातखाचरात. नाहीतर मोरीच्या तोंडात, म्हणजे पुढच्या पावसात पाणी रस्त्यावरून आणि रस्ता खाली. उरलेला गाळ ओढ्यानं टेमघरच्या नाहीतर खडकवासल्याच्या पाण्यात, जे पुणेकर पितात. लोटायची घाई समजू शकतो, अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवत असतात. पण एक कडेची जागा आधी ठरवून ठेवली तर तिथं टाकून नंतर उचलता येतो. त्यासाठी मशिन नाही, नुसता नकाशा लागतो.

पुढच्या महिन्यात तालुक्याची मान्सूनपूर्व बैठक होईल. मी दरवर्षी जातो. चहा-बिस्किटं असतात, 'यंत्रणा सज्ज' असं ठरतं, आम्ही तेच छापतो. यंदा मी एकच विचारणार आहे: जी मशिनं यादीत आहेत त्यांचे नंबर, ती उभी कुठं असणार, आणि रात्री अकरा वाजता त्यांचे दिवे लावून दाखवता का? नाना बरोबर यायला तयार आहेत. ते म्हणालेत, "मी केबिन बघतो, तू फोटो काढ."

तोवर तुम्ही एक करा. मुठा, आंदगाव, खारावडे, लवार्डे, कोळवडे, भोडे, बहुली, टेमघर, ताम्हिणीकडचे सगळे, तुमच्या गावात कुणाकुणाचं मशिन आहे आणि पावसाळ्यात ते कुठं असतं ते कमेंटमध्ये लिहा. मालकाचं नाव, फोन नंबर टाकू नका, गाव आणि मशिन एवढंच. वायपर चालू आहे की नाही तेही बघून लिहा. आणि ज्या पोराबद्दल वर लिहिलंय तो ही पोस्ट वाचत असशील तर डिझेलचा हिशेब मला इनबॉक्सला पाठव, तारखेसकट.